काचपेटीतील पिठ्या ढेकूण : जेथे झाडावर प्राणी राहतो तेथील कीड व्यवस्थापन

चिकपेट म्हणजे कन्नडमध्ये 'लहान पेठ'. केंपेगौडांनी १५३७ मध्ये वसवलेल्या जुन्या बंगळूरचा हा गाभा. आसपासच्या पेठांची नावे आजही शेतमालाची आठवण देतात. अक्कीपेट तांदळाची, रागीपेट नाचणीची, अरळेपेट कापसाची. १६३८ मध्ये बंगळूर शहाजीराजांकडे आले आणि या शहराचा मराठीशी संबंध जडला. पुढे सांगली जिल्ह्यातील खानापूर-आटपाडीच्या दुष्काळी पट्ट्यातून सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी बाहेर पडलेल्या गलाई व्यावसायिकांनी दक्षिणेतील अनेक सराफी पेठांत मराठीचा राबता वाढवला. पेठ व्यापाराची असल्याने खाली दुकान, वर घर आणि अंगण कोठेच नाही, अशी येथील रचना. झाड लावायचे तर ते गच्चीवर, खिडकीच्या जाळीत किंवा काचेच्या पेटीत.

अलीकडे शहरी घरांतील या काचपेटीत झाडाबरोबर प्राणीही राहू लागला आहे. परदेशी जातीचा सरडा, पाल किंवा बिनविषारी साप पाळणारी मंडळी पूर्वी पेटीच्या तळाशी वर्तमानपत्र अंथरीत. आता तेथे कोकोपीट, वाळू, शेवाळ, नेचे, मनीप्लांट, स्नेक प्लांट आणि जास्वंद दिसते. वर उष्णता देणारा दिवा आणि सकाळ-संध्याकाळ पाण्याचा तुषार. प्राण्यासाठी हा अधिवास चांगला आहे. पिठ्या ढेकूण, लाल कोळी आणि मावा यांच्यासाठी तो त्याहून चांगला आहे, कारण तेथे वारा नाही, पाऊस नाही आणि मित्रकीटकही नाहीत.

अशा घरातून गावाकडे जाणारा फोन सहज कल्पिता येतो. "काका, इग्वानाच्या पेटीतल्या जास्वंदीवर पांढरा कापूस आलाय. डाळिंबावर तुम्ही काय मारता?" काकांच्या बागेत पिठ्या ढेकूण नवा नाही. गेल्या हंगामातील बाटली गोठ्याच्या फळीवर उभी असते, आणि प्रमाणही तोंडपाठ असते. हाच प्रश्न उद्या तालुक्याच्या विस्तार कार्यकर्त्याकडेही येऊ शकतो. त्याच्या हातातील शिफारशींच्या पुस्तिकेत द्राक्ष आहे, डाळिंब आहे, कापूस आहे. मात्र ज्या झाडाचे पान प्राणी खातो, ज्या पानावरचे पाणी तो चाटतो आणि ज्या फांदीवर तो झोपतो, त्या झाडासाठी एकही ओळ नाही. चुकीचे उत्तर दिले गेले तर झाड वाचेल आणि सरडा मरेल.

हिरवा त्रिकोण कोणासाठी?

कीटकनाशकाच्या वेष्टनावरील रंगीत त्रिकोण प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक असतो. लाल अत्यंत विषारी, पिवळा अतिविषारी, निळा मध्यम आणि हिरवा किंचित विषारी. तोंडावाटे पोटात गेल्यास चाचणीतील निम्मे प्राणी दगावतील अशी मात्रा शरीराच्या प्रति किलो वजनामागे १ ते ५० मिलिग्रॅम असेल तर लाल, ५१ ते ५०० असेल तर पिवळा, ५०१ ते ५००० असेल तर निळा आणि त्याहून अधिक असेल तर हिरवा, अशी ही विभागणी आहे. चाचणीतील हे प्राणी प्रामुख्याने उंदीरवर्गीय सस्तन असतात. सरपटणारा प्राणी त्या चाचणीत नसतो. म्हणून हिरवा त्रिकोण फवारणाऱ्या माणसाला काही सांगतो, पेटीतील सरड्याविषयी काहीच सांगत नाही.

ही उणीव केवळ आपल्याकडची नाही. युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये उभयचर आणि सरपटणाऱ्या प्राण्यांवरील कीटकनाशकांच्या धोक्याचा सविस्तर आढावा प्रसिद्ध केला. पक्षी व सस्तन प्राण्यांसाठी केलेले मूल्यमापन या प्राण्यांना पुरेसे संरक्षण देतेच असे गृहीत धरता येत नाही, हा त्यातील मुख्य मुद्दा होता. सरड्याची त्वचा जमिनीशी आणि पानाशी सतत घासते. साप जीभ बाहेर काढून हवेतील व पृष्ठभागावरील सूक्ष्म कण आत घेतो. अनेक पाली पानावरचे थेंब चाटून तहान भागवतात आणि पापण्या नसलेल्या जाती स्वतःचा डोळाही जिभेने पुसतात. शेतात फवारणीनंतर पक्षी उडून जाऊ शकतो. दोन फुटांच्या बंद पेटीतील प्राण्याला जाण्यासाठी जागा नसते.

दोन उदाहरणे विस्तार कार्यकर्त्याने मनात पक्की ठेवावीत, कारण दोन्ही औषधे आपल्या रोजच्या वापरातील आहेत.

पहिले ॲव्हरमेक्टिन गटाचे. तुरीवरील व हरभऱ्यावरील घाटे अळीसाठी वापरले जाणारे इमामेक्टिन बेंझोएट, गुलाबावरील लाल कोळीसाठीचे ॲबामेक्टिन आणि जनावरांच्या जंत-गोचिडांसाठीचे आयव्हरमेक्टिन ही एकाच कुळातील भावंडे. जमिनीतील एका जिवाणूपासून मिळालेल्या या शोधाला २०१५ मध्ये नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. मात्र जे औषध गाय-म्हशींना तारते ते कासवाला मारते. आयव्हरमेक्टिन कासवांच्या मज्जासंस्थेवर घातक परिणाम करते, स्नायू लुळे पडतात आणि श्वास थांबतो. म्हणूनच जाणकार पशुवैद्यक ते कासवाला देत नाहीत. काही साप व सरड्यांमध्ये ते अत्यंत मोजून वापरले जाते, पण तो निर्णय पशुवैद्यकाचा. झाडावरील कोळीसाठी पेटीत ॲबामेक्टिन फवारणे म्हणजे तोच निर्णय मापाशिवाय घेणे होय.

दुसरे सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटाचे. या गटाचे एक वैशिष्ट्य कीटकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना शिकवले जाते. तापमान उतरले की यांची विषारी क्रिया वाढते. सस्तन प्राण्याचे शरीर स्वतःची ऊब राखते, परंतु सरड्याचे शरीर परिसराइतकेच थंड होते. अमेरिकेत हिरव्या ॲनोल जातीच्या सरड्यांवर नैसर्गिक पायरेथ्रिन घेऊन केलेला एक प्रयोग २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात उबदार ठेवलेल्या सरड्यांपेक्षा थंड तापमानात ठेवलेले सरडे अधिक संख्येने दगावले. बंगळूरमध्ये डिसेंबर-जानेवारीत रात्रीचे तापमान १५-१६ अंशांपर्यंत उतरते, दिवा विझवलेला असतो आणि त्याच खोलीत डासांसाठीचे द्रवयंत्र रात्रभर चालू असते. त्या यंत्रातील औषधही बहुधा पायरेथ्रॉइडच असते. झाडावर काही फवारले नाही एवढ्यावर पालकाने निर्धास्त राहू नये.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. रासायनिक नको तर जैविक बुरशी फवारा, असा सल्ला आपल्याकडे सहज दिला जातो. शेतात तो योग्यच आहे. परंतु बिव्हेरिया बॅसियाना या मित्रबुरशीचा संसर्ग बंदिस्त मगरवर्गीय प्राण्यांत आणि कासवांत आढळल्याच्या नोंदी आहेत. मेटारायझियम कुळातील काही जाती, ज्या शेतीत वापरल्या जाणाऱ्या जातींहून वेगळ्या आहेत, पाळीव शॅमेलिऑन सरड्यांत गंभीर रोग निर्माण करतात. थंडीने किंवा कुपोषणाने दुबळा झालेला प्राणी, दमट बंद पेटी आणि वर बुरशीच्या बीजाणूंचा फवारा हा योग टाळलेला बरा. जैविक या शब्दाचा अर्थ 'पिकाच्या किडीसाठी जिवंत उपाय' एवढाच आहे. प्रत्येक प्राण्यासाठी निर्धोक असा तो नव्हे.

आधी प्राणी विचारावा, मग कीड

फोनवर पहिला प्रश्न प्राणी कोणता, हाच असला पाहिजे. तारांकित कासव, घोरपड, घोयरा सरडा, भारतीय अजगर यांसारखे देशी प्राणी घरात ठेवणे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार गुन्हा आहे. तेथे कीड व्यवस्थापनाचा प्रश्नच उरत नाही, वन विभागाशी संपर्क हाच सल्ला. हिरवा इग्वाना किंवा बॉल पायथन यांसारख्या, आंतरराष्ट्रीय व्यापार नियंत्रणाच्या साइट्स परिशिष्टांत असलेल्या परदेशी प्राण्यांची परिवेश पोर्टलवर नोंदणी करणे कायद्यातील २०२२ ची सुधारणा आणि २०२४ चे नियम यांनुसार बंधनकारक आहे. विस्तार कार्यकर्ता हा वनाधिकारी नव्हे, तरीही ही माहिती देणे त्याच्या कर्तव्यात बसते.

प्राण्याच्या जातीवरून धोक्याचे स्वरूपही ठरते. इग्वाना शाकाहारी आहे. जास्वंदीची पाने व फुले त्याचे आवडते खाद्य, म्हणजे पेटीतील झाड हे त्याचे ताटच. कीटकभक्षी पाल पान खात नाही, पण औषधाने अर्धमेला झालेला किडा आधी तिच्याच तोंडी जातो. सापाला पानाचे किंवा किड्याचे आकर्षण नाही, तथापि त्याचे संपूर्ण शरीर जमिनीवरून सरकते आणि पानांवरून निथळलेले सर्व काही शेवटी जमिनीतच उतरते.

त्यानंतर किडीची ओळख. पानाच्या बेचक्यात कापसासारखे पुंजके, पानांवर चिकट स्राव, त्यावर काळी बुरशी आणि मुंग्यांची रांग म्हणजे पिठ्या ढेकूण. जास्वंद ही या किडीची जणू हक्काची जागा. पानाच्या वरच्या बाजूस फिकट ठिपके, खाली बारीक जाळी आणि दिव्याच्या जवळच्या फांदीवर सर्वाधिक प्रादुर्भाव म्हणजे लाल कोळी. ३० अंशांच्या आसपास अंड्यापासून पूर्ण वाढ होण्यास या कोळीला आठवडाभर पुरतो. कोकोपीटवरून उडणारी बारीक काळी चिलटे म्हणजे कुजणाऱ्या पदार्थांवर व बुरशीवर वाढणाऱ्या माश्या. जमिनीत पांढरे, टुणकन उडणारे सूक्ष्म जीव दिसले तर ते बहुधा स्प्रिंगटेल असतात. ते कीड नसून पेटीतील बुरशी व विष्ठा खाणारे सफाईदार आहेत आणि अनेक जाणकार ते मुद्दाम सोडतात. त्यांच्यावर औषध मारल्याचा परिणाम म्हणजे पुढच्या महिन्यात बुरशी.

एक घोटाळा विशेष होतो. सापाच्या खवल्यांखाली किंवा डोळ्याभोवती काळे-तांबडे ठिपके हलताना दिसले की 'झाडावरची कोळी प्राण्याला लागली' असे समजले जाते. पानावरील लाल कोळी रक्त पीत नाही. सापावरील गोचीडवर्गीय कोळी ही ऑफिओनिसस नावाची वेगळी कीड असून तिचा उपचार पशुवैद्यकाकडेच. विशेष म्हणजे या किडीवरही जैविक मार्ग शोधले जात आहेत. धान्याच्या कोठारात आढळणाऱ्या केलेटस या परभक्षी कोळीचा वापर सापांवरील कोळीविरुद्ध परिणामकारक ठरू शकतो, असे युरोपातील संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवून दिले.

झाड बाहेर, औषध बाहेर

सर्व व्यवस्थापनाचे सूत्र एका वाक्यात मावते. पेटीत उपचार करू नये, झाड पेटीबाहेर काढावे. हे तेव्हाच शक्य होते जेव्हा झाड पेटीतील मातीत थेट लावलेले नसते. कुंडीसकट पुरलेले रोप दोन बोटांनी उचलता येते आणि मुळांना इजा होत नाही. प्रत्येक जागेसाठी रोपांचे दोन जोड ठेवावेत, एक पेटीत आणि एक गच्चीवर. महिना-दीड महिन्याने अदलाबदल केल्यास पेटीतील रोपाला उन्हाचा व वाऱ्याचा लाभ मिळतो आणि किडीचे चक्रही तुटते. पीक फेरपालटीची सवय असलेल्या शेतकऱ्याला याचे वेगळे समर्थन देण्याची गरज नाही.

बाहेर काढलेल्या रोपाचे पहिले औषध पाणी. कुंडीचे तोंड प्लास्टिकने बांधून रोप आडवे धरावे आणि पानांची खालची बाजू जोरदार धारेने धुवावी. मावा आणि कोळी यांचा मोठा भाग यातच जातो. पिठ्या ढेकणाच्या अंगावर मेणाचा थर असल्याने पाणी ओघळून जाते. तेथे ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या बोळ्याने प्रत्येक पुंजका टिपावा. आधी एका पानावर लावून दोन दिवस पाहावे, कारण नेच्यासारखी कोवळी पाने करपतात. अल्कोहोल ज्वलनशील असल्याने हे काम दिव्याजवळ कदापि करू नये. खवले किडीसाठी जुन्या मऊ दातघासणीचा उपयोग होतो. निंबोळी तेल किंवा पोटॅशियम साबणाचे द्रावण वापरावयाचे झाल्यास तेही येथेच, गच्चीवर, आणि रोप परत ठेवण्यापूर्वी पाने स्वच्छ पाण्याने धुऊन.

एकदा पुसून काम संपत नाही. पिठ्या ढेकणाच्या एका मादीच्या अंडपुंजात काही शे अंडी असतात आणि उबदार हवेत एक पिढी साधारण महिन्याभरात पूर्ण होते. म्हणून सातव्या, चौदाव्या आणि एकविसाव्या दिवशी पुन्हा तपासावे. कुंडी उलटी करून तळाच्या छिद्रांतून मुळे पाहावीत. मुळांवरील पिठ्या ढेकूण पानांवर दिसत नाही आणि सगळी मेहनत वाया घालवतो. सलग तीन आठवडे एकही जिवंत कीड आढळली नाही तरच रोप पेटीत परत जाते. जुने कोकोपीट काळ्या पिशवीत बांधून काही दिवस कडक उन्हात तापवावे, मगच टाकावे.

दरम्यान पेटीत उरलेल्या चिलटांसाठी वरचा थर दोन-तीन दिवस कोरडा होऊ द्यावा. डासांच्या अळ्यांसाठी मिळणारे बॅसिलस थुरिंजिएन्सिस इस्राएलेन्सिस हे जिवाणूजन्य औषध या माश्यांच्या अळ्यांवरही चालते आणि पृष्ठवंशीय प्राण्यांना ते अपायकारक नाही. मात्र पॉलिहाउसमधील सवयीने पेटीत पिवळा चिकट सापळा लावू नये. पॉलिहाउसमध्ये अशा सापळ्याला चिकटलेली पाल अनेकांनी पाहिली असेल. दोन फुटांच्या पेटीत त्या सापळ्यापासून प्राण्याला वाचवणार कोण? सापळा लावायचा तर पेटीच्या बाहेर, झरोक्याशेजारी. चुकून प्राणी चिकटलाच तर ओढू नये. खाद्यतेल लावून चिकटा सैल करावा.

विषबाधेची शंका आल्यास, म्हणजे अंग थरथरणे, मान टाकणे, तोंड उघडे ठेवून श्वास घेणे अशी लक्षणे दिसल्यास, प्राण्याला ताबडतोब स्वच्छ पेटीत हलवावे, कोमट पाण्याने अंग धुवावे आणि औषधाच्या बाटलीसह पशुवैद्यकाकडे न्यावे. बाटली विसरू नये. वैद्यकाला औषधाचे नाव नव्हे, त्यातील घटक हवा असतो.

बंगळूरचे जुने भुंगेरे

ज्या शहरात हा प्रश्न विचारला जात आहे, त्याच शहरात त्याचे सर्वांत जुने उत्तरही सांभाळले जाते. पिठ्या ढेकूण खाणारा क्रिप्टोलिमस मॉन्ट्रोझायरी हा ऑस्ट्रेलियन ढालकिडा १८९८ मध्ये भारतात आणला गेला तो कॉफीवरील हिरव्या खवले किडीसाठी. त्या कामात तो फारसा उपयोगी पडला नाही, पण दक्षिणेतील पिठ्या ढेकणांवर स्थिरावला. आज द्राक्षबागायतदार ज्याला ओळखतात तो हाच. १९५७ मध्ये राष्ट्रकुल जैविक नियंत्रण संस्थेचे भारतीय केंद्र बंगळूरमध्ये सुरू झाले. त्या कार्याचा वारसा आज हेब्बाळ येथील भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरोकडे आहे. महाराष्ट्रात गाजरगवताची पाने फस्त करणारे मेक्सिकन भुंगेरे १९८४ मध्ये बंगळूर परिसरातच प्रथम सोडण्यात आले. २००८ मध्ये कोइमतूर येथे पपईवरील नवा पिठ्या ढेकूण आढळला तेव्हा २०१० मध्ये पोर्तो रिकोहून तीन परोपजीवी कीटक मागवून त्यांची वाढ करण्याचे काम याच संस्थेने केले. त्यांपैकी ॲसेरोफॅगस पपायी या सूक्ष्म गांधीलमाशीने तो आटोक्यात आणला.

क्रिप्टोलिमस काचपेटीत चालेल काय? थेट पेटीत सोडला तर कीटकभक्षी पाल त्याच्याकडे खाद्य म्हणूनच पाहणार. शिवाय झाडावर भरपूर पिठ्या ढेकूण असल्याशिवाय हे भुंगेरे थांबत नाहीत आणि उपाशी मरतात. म्हणून त्याचाही वापर बाहेरच. चिकपेटेत कापडाला तोटा नाही. मलमलीची सैल पिशवी कुंडीवर चढवून, आत काठीचा आधार देऊन, पाच-दहा भुंगेरे सोडावेत आणि पिशवीचे तोंड बांधावे. या काळात रोपावर अल्कोहोल, साबण, निंबोळी काहीही लावू नये. आठ-दहा दिवसांनी आत पांढरे, झुबकेदार जीव फिरताना दिसले तर ते पिठ्या ढेकूण समजून चिरडू नयेत. क्रिप्टोलिमसच्या अळ्या हुबेहूब आपल्या भक्ष्यासारख्याच दिसतात, फक्त त्या मोठ्या असतात आणि चपळ. द्राक्षबागेतही याच गैरसमजातून असंख्य अळ्या मारल्या जातात. एका जास्वंदीसाठी हा खटाटोप कोणी करील काय, हा प्रश्न रास्त आहे. एकच रोप असेल तर बोळाच बरा. गच्चीवर पंधरा-वीस कुंड्या असतील तर भुंगेऱ्यांचा विचार करावा. महाराष्ट्रात पुणे येथील कृषी महाविद्यालयासह विद्यापीठांच्या जैविक कीड नियंत्रण प्रयोगशाळांकडे चौकशी करता येते.

मोठ्या प्रमाणावर हाच विचार किती पुढे जाऊ शकतो याचे उदाहरण झुरिच प्राणिसंग्रहालयात आहे. तेथे २००३ मध्ये उघडलेल्या मासोआला सभागृहात सुमारे ११,००० चौरस मीटर म्हणजे पावणेतीन एकर छताखाली मादागास्करचे जंगल उभे केले आहे आणि शॅमेलिऑन सरडे त्यात मोकळे फिरतात. अशा ठिकाणी पंप घेऊन शिरण्याची सोय नाही. तेथे भर द्यावा लागतो तो मित्रकीटकांवरच.

दोष पेटीचा नव्हे, रोपाचा

काचपेटीत कीड आपोआप निर्माण होत नाही. ती रोपाबरोबर येते आणि कधी कधी रोपाबरोबर औषधही येते. हा या विषयाचा शेतकऱ्याशी थेट संबंध असलेला भाग आहे. शोभिवंत रोपे विक्रीपूर्वी निष्कलंक दिसावीत म्हणून इमिडाक्लोप्रिडसारखी आंतरप्रवाही औषधे कुंडीच्या मिश्रणात दिली जातात. मुळांवाटे ती पानात चढतात आणि कुंडीत ती कित्येक आठवडे, कधी महिनोन्‌महिने टिकून राहतात. पान कितीही धुतले तरी आतले औषध धुतले जात नाही. बाजारातून आणलेली टवटवीत जास्वंद त्याच संध्याकाळी इग्वानासमोर ठेवणे यासारखी दुसरी चूक नाही. नवीन रोप किमान चार आठवडे वेगळे ठेवावे. खाद्य म्हणून वापरावयाचे असल्यास माती बदलून, त्याच झाडाची छाट कलमे लावून, नव्या फुटव्यावरच भिस्त ठेवावी. काही पालक बियांपासून किंवा स्वतःच्या कलमांपासूनच रोपे तयार करतात, आणि त्यांचे चुकत नाही.

रोपाबरोबर काय प्रवास करते याची किंमत शेतीनेही मोजली आहे. थ्रिप्स पार्विस्पायनस ही काळपट फुलकिड्यांची जात भारतात प्रथम नोंदवली गेली ती २०१५ मध्ये, बंगळूरमध्ये, पपईवर. तेव्हा तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. २०२१ मध्ये आंध्र प्रदेश व तेलंगणातील मिरचीच्या शेतांत तिने हाहाकार उडवला. हीच कीड जगभर हरितगृहांतील शोभिवंत झाडांवरही आढळते. म्हणून पेटीतील किडलेले रोप इमारतीमागच्या मोकळ्या जागेत फेकणे किंवा परदेशातून कोणी 'छान मित्रकीटक' खिशातून आणणे या दोन्ही गोष्टी निषिद्ध. जिवंत कीटकांच्या आयातीसाठी वनस्पती संगरोध आदेश, २००३ नुसार परवाना लागतो.

उरुळी कांचन-सोरतापवाडी पट्ट्यातील किंवा अन्य कोणत्याही रोपवाटिकाधारकाने याकडे अडचण म्हणून पाहू नये. शहरांत काचपेट्या, मांजरींच्या खोल्या, लहान मुलांच्या खिडक्या वाढत आहेत आणि 'हे रोप औषधाविना वाढवले आहे का?' असे विचारणारा ग्राहक त्यांच्याबरोबर वाढतो आहे. आज या प्रश्नाला बहुतेक रोपवाटिकांत उत्तर मिळत नाही, कारण नोंदच नसते. द्राक्ष निर्यातीसाठी फवारणीची वही ठेवणाऱ्या शेतकऱ्याला कुंडीवर एक पट्टी लावणे कठीण नाही. एक स्वतंत्र वाफा, त्यात जास्वंद, मनीप्लांट, नेचे, स्पायडर प्लांट यांची आंतरप्रवाही औषधाविना वाढवलेली रोपे, किडीसाठी पाणी, साबण आणि मित्रकीटक. पट्टीवर चार ओळी असाव्यात. छाट कलम लावल्याची तारीख. मिश्रणात काय मिसळले. शेवटचे औषध कोणते व कधी, आणि दिलेच नसेल तर तसे. चौथी ओळ कोरी, रोप घरी नेणाऱ्याने विलगीकरणाचा पहिला दिवस लिहिण्यासाठी.